प्रकाशीय तंतू पॅच पॅनेल

प्रकाशीय तंतू पॅच पॅनेल हे संगणकीय आणि दूरसंचार जाळ्यांत वापरले जाणारे एक जोडणी-साधन आहे. बाहेरून किंवा इमारतीच्या दुसऱ्या भागातून आलेल्या प्रकाशीय तंतूंच्या केबल या पॅनेलच्या मागील बाजूस कायमच्या बांधल्या जातात आणि त्यांतील प्रत्येक तंतूचे टोक पुढील बाजूस एका क्रमांकित पोर्टावर आणले जाते. पुढील बाजूने पॅच कॉर्ड नावाची आखूड, लवचिक केबल लावून कोणताही तंतू स्विच, राउटर किंवा अन्य पॅनेलवरील तंतूशी जोडता येतो. पॅनेल स्वतः संदेशावर कोणतीही प्रक्रिया करीत नाही आणि त्यास विजेची गरज नसते. जाळ्यातील कायमस्वरूपी भाग आणि वारंवार बदलणारा भाग यांना वेगळे ठेवणे हे त्याचे मुख्य कार्य होय.

भारतातील तंत्रज्ञांमध्ये या साधनास ‘एलआययू’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. दूरसंचार केंद्रांतील शेकडो किंवा हजारो तंतू हाताळणाऱ्या मोठ्या चौकटीस ‘ओडीएफ’ म्हणतात. केबलमधील प्रत्येक तंतूला बोलीत ‘कोअर’ म्हटले जाते व ‘२४ कोअरची केबल’ असा प्रयोग निविदांमध्येही आढळतो. काटेकोरपणे पाहता कोअर म्हणजे तंतूच्या मध्यभागी असलेला, प्रकाश वाहून नेणारा गाभा. तथापि हा व्यावहारिक अर्थ आता पूर्णपणे रुळला आहे.

पार्श्वभूमी

पॅच पॅनेलची कल्पना प्रकाशीय तंतूंहून बरीच जुनी आहे. १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यावसायिक दूरध्वनी केंद्र सुरू झाले. त्यानंतरच्या काळात शहरभरातून येणाऱ्या तारा एका ठिकाणी आणून, दोन्ही टोकांना खिळ्यासारखा जोड असलेल्या दोऱ्यांनी त्या हाताने परस्परांशी जोडण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. पुढे जोडणीचे काम स्वयंचलित यंत्रांकडे गेले. तरीही रस्त्याखालून आलेल्या तारा थेट यंत्राला न लावता आधी एका वितरण-चौकटीवर संपवायच्या, ही शिस्त टिकून राहिली. तांब्याच्या तारांसाठी घडलेली हीच शिस्त काचेच्या तंतूंनाही लागू झाली.

१९६६ मध्ये चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी, पुरेशी शुद्ध काच मिळाल्यास तंतूंद्वारे दूरसंचार शक्य आहे, असे प्रतिपादन केले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी दर किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी क्षीणन असलेला तंतू तयार केला. काओ यांना या कार्यासाठी २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मात्र लांब तंतू तयार करणे आणि दोन तंतूंची टोके एकमेकांसमोर अचूक आणणे या दोन स्वतंत्र समस्या होत्या. दुसरीचे उत्तर चांगल्या कनेक्टरांच्या रूपाने १९८० च्या दशकात मिळाले आणि त्यानंतरच आजच्या स्वरूपातील पॅनेल व्यवहार्य ठरले.

गरज

एकपथी तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि त्याभोवतीचे काचेचे आवरण धरून व्यास १२५ मायक्रोमीटर होतो. बहुपथी तंतूचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रोमीटर असतो. बाह्य व्यास मात्र तोच. अशी काच ताण बऱ्यापैकी सोसते, पण तीव्र वळण, पीळ आणि ओरखडा सोसत नाही. ९६ तंतूंची केबल नळातून ओढून आणण्यास माणसे, परवानग्या आणि खोदकाम लागते. अशा केबलचे तंतू थेट स्विचला लावले, तर उपकरण बदलताना प्रत्येक वेळी त्यांनाच हात लागेल. एखादा तंतू तुटल्यास टोक कापून नव्याने सांधा करावा लागेल, आणि शिल्लक लांबी दर वेळी थोडी घटत जाईल.

पॅनेलमुळे हा धोका पॅच कॉर्डवर ढकलला जातो. मुख्य केबल एकदा बांधली की वर्षानुवर्षे तिला स्पर्श होत नाही. खराब होते ती काही मीटरची कॉर्ड, जी काही क्षणांत बदलता येते. स्विचचा एखादा पोर्ट बिघडल्यास कॉर्ड दुसऱ्या पोर्टात लावता येते. केबलमधील एखादा तंतू निकामी झाल्यास दोन्ही टोकांच्या पॅनेलवर कॉर्ड हलवून सेवा राखीव तंतूवर नेता येते, आणि रस्त्यावरील दुरुस्ती सवडीने करता येते.

या सोयीची किंमतही आहे. पॅनेलवरील प्रत्येक जोडणीत थोडा प्रकाश वाया जातो, आणि जाळ्यात धूळ शिरण्यासाठी एक नवे दार उघडते. ही किंमत किती व ती केव्हा परवडत नाही, याचा विचार पुढे केला आहे.

रचना

बहुतेक पॅनेल १९ इंच रुंदीच्या प्रमाणित रॅकमध्ये बसतात. उंची ‘यू’ या एककात मोजली जाते. १ यू म्हणजे १.७५ इंच किंवा ४४.४५ मिलिमीटर. १ यू उंचीत सामान्यतः २४ जोड-पोर्ट, म्हणजे ४८ तंतू बसतात. दाट रचनेच्या पॅनेलमध्ये ९६ किंवा १४४ तंतूही बसविता येतात. लहान कार्यालयांत आणि निवासी इमारतींत भिंतीवर लावायच्या पेट्या वापरल्या जातात. रॅकमधील पॅनेलचा खण सरकता असल्यास आतील काम सोपे होते. आत कधीच पाहावे लागणार नाही असे गृहीत धरून घेतलेले स्वस्त बंदिस्त पॅनेल पहिल्याच दुरुस्तीत महाग पडते.

पॅनेलच्या आत शिरल्यावर केबलचे बाह्य कवच काढले जाते. मधली बळकटी देणारी काडी आणि ॲरामिडचे धागे चौकटीला घट्ट आवळले जातात, जेणेकरून बाहेरून बसणारा ओढा काचेपर्यंत पोहोचू नये. बाहेरच्या केबलमधील नळ्यांत पाणी अडविणारे चिकट जेल भरलेले असल्यास ते पुसून काढावे लागते. त्यानंतर दीड मीटरच्या आसपास तंतू मोकळा ठेवून त्याचे वेटोळे केले जाते. हा ‘लूप’ वायफळ दिसला, तरी पुढे सांधा बिघडल्यास तो नव्याने करण्यास हीच शिलकी लांबी उपयोगी पडते.

केबलमधून आलेल्या उघड्या तंतूला कनेक्टर नसतो. तो बसविण्यासाठी ‘पिगटेल’ वापरतात. हा एका टोकास कारखान्यात बसविलेला व घासून गुळगुळीत केलेला कनेक्टर आणि दुसऱ्या टोकास उघडा तंतू असलेला तुकडा असतो. पिगटेलचा उघडा तंतू आणि केबलचा तंतू यांवरील लेप काढून ते अल्कोहोलने पुसतात व क्लीव्हर या हत्याराने काटकोनात छेदतात. मग स्प्लायसिंग यंत्रात विजेच्या ठिणगीने दोन्ही टोके वितळवून एकजीव केली जातात. चांगल्या सांध्यात ०.०५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी प्रकाश जातो. सांध्यावर उष्णतेने आकसणारी, आत पोलादी काडी असलेली नळी चढवून तो स्प्लाइस ट्रेच्या खाचेत बसविला जातो. एका ट्रेमध्ये बहुधा १२ किंवा २४ सांधे मावतात. पिगटेलचा कनेक्टर आतून ॲडाप्टरमध्ये जातो. त्याच ॲडाप्टरच्या बाहेरील तोंडात पॅच कॉर्डचा कनेक्टर शिरतो. व्यवहारात ज्याला ‘पोर्ट’ म्हणतात तो हा ॲडाप्टर होय.

डेटा केंद्रांत जागेवर सांधे करण्याऐवजी दोन्ही टोकांना कारखान्यातच १२ किंवा अधिक तंतूंचे एमपीओ कनेक्टर बसविलेली केबल आणली जाते. ती पॅनेलमागील कॅसेट नावाच्या डबीत लावली की पुढे सुटे एलसी पोर्ट मिळतात. यात वेळ वाचतो. पण लांबीचा अंदाज चुकल्यास केबल जागेवर कापून जमवून घेता येत नाही.

तंतूंची ओळख

पॅनेलवरील क्रमांक आणि केबलमधील तंतू यांचा मेळ रंगांवरून घातला जातो. प्रचलित अमेरिकी मानकानुसार १२ रंगांचा क्रम निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि फिकट निळसर हिरवा असा आहे. १२ पेक्षा अधिक तंतू असल्यास ते १२-१२ च्या गटांनी नळ्यांत ठेवतात आणि नळ्यांनाही हाच रंगक्रम देतात. त्यामुळे ९६ तंतूंच्या केबलमध्ये ४३ वा तंतू म्हणजे चौथ्या, तपकिरी नळीतील सातवा, लाल तंतू होय. पॅनेलचा ४३ वा पोर्ट याच तंतूचा असावा, अशी अपेक्षा असते. काही केबलमध्ये वेगळा क्रम वापरलेला असल्याने सांधणीपूर्वी उत्पादकाचा तक्ता पाहणे आवश्यक ठरते. दोन टोकांवर दोन निरनिराळ्या क्रमांनी सांधणी झाल्यास प्रत्येक सांधा निर्दोष असूनही जोडणी मात्र भलत्याच ठिकाणी पोहोचते.

पॅच कॉर्डच्या कवचाचा रंग तंतूचा प्रकार दर्शवितो. एकपथी कॉर्ड पिवळी, जुनी बहुपथी कॉर्ड नारिंगी, ओएम३ व ओएम४ प्रकारची फिकट निळसर हिरवी किंवा, ओएम४ च्या बाबतीत, काही ठिकाणी जांभळट आणि ओएम५ प्रकारची पोपटी असते. पिवळ्या कॉर्डच्या जागी नारिंगी कॉर्ड कनेक्टर जुळतो म्हणून सहज बसते. परंतु ५० किंवा ६२.५ मायक्रोमीटरच्या गाभ्यातून ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यात प्रकाशाचा अल्पांशच शिरतो.

कनेक्टर

कनेक्टरच्या टोकाशी फेरूल नावाची, बहुधा झिर्कोनिया या चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाची दांडी असते. तिच्या मध्यातील सूक्ष्म छिद्रात तंतू चिकटविलेला असतो. ॲडाप्टरमधील फटीची नळी दोन फेरूलांना एका रेषेत धरते आणि कनेक्टरमधील स्प्रिंग त्यांची टोके एकमेकांवर दाबून ठेवते. दाब आवश्यक असतो, कारण काच व हवा यांच्या सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. टोके किंचित बहिर्गोल घासून एकमेकांस भिडविली की मधली हवेची फट नाहीशी होते.

आट्यांनी आवळायचा एफसी, फिरवून अडकवायचा एसटी आणि ढकलून बसवायचा एससी हे तीन जुने प्रकार २.५ मिलिमीटर व्यासाच्या फेरूलचे आहेत. यांपैकी एफसी आणि एससी जपानच्या एनटीटीने, तर एसटी अमेरिकेच्या एटी अँड टीने विकसित केला. लूसेंट कंपनीने १९९० च्या दशकात आणलेल्या एलसी कनेक्टरचे फेरूल १.२५ मिलिमीटरचे आहे. फेरूलचा व्यास निम्मा झाल्यामुळे त्याच जागेत दुप्पट पोर्ट बसू लागले. आजच्या बहुतेक स्विचांवर हाच कनेक्टर आढळतो. एफसी मुख्यतः जुन्या दूरसंचार केंद्रांत आणि मापन-उपकरणांवर टिकून आहे.

टोक घासण्याच्या पद्धतीनुसार यूपीसी आणि एपीसी असे दोन प्रकार पडतात. एकपथी यूपीसी कनेक्टर निळा, तर एपीसी हिरवा असतो. एपीसीचे टोक ८ अंशांच्या कोनात घासलेले असते, त्यामुळे परावर्तित प्रकाश गाभ्यातून मागे न जाता बाजूच्या आवरणात निसटतो. मागे फिरलेल्या प्रकाशाने बिघडणाऱ्या प्रणालींत, विशेषतः तंतूंवरून दूरचित्रवाणी संकेत पाठविणाऱ्या जाळ्यांत, हा प्रकार वापरतात. हिरवा कनेक्टर निळ्या ॲडाप्टरमध्ये बसू शकतो, ही या व्यवस्थेतील मोठी उणीव आहे. तिरके टोक सपाट टोकाला पूर्ण टेकत नाही, मध्ये फट राहते, प्रकाश मोठ्या प्रमाणात वाया जातो आणि दाबामुळे टोकास इजाही होऊ शकते.

प्रकाशक्षयाचे गणित

प्रकाशाची घट डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे जवळपास निम्मा प्रकाश जाणे. तारजोडणीच्या अमेरिकी मानकात एका जुळविलेल्या कनेक्टर-जोडीसाठी कमाल ०.७५ डेसिबल, म्हणजे सुमारे १६ टक्के, आणि सांध्यासाठी कमाल ०.३ डेसिबल घट ग्राह्य धरली आहे. चांगल्या कामात प्रत्यक्ष घट याहून बरीच कमी असते. आराखडा करताना मात्र कमाल मर्यादा धरणे सुरक्षित मानले जाते.

उदाहरणार्थ, महाविद्यालयाच्या आवारातील दोन इमारतींत २ किलोमीटर एकपथी केबल टाकून दोन्ही टोकांस पॅनेल बसविले, असे मानू. दर किलोमीटरला ०.५ डेसिबल धरल्यास केबलची घट १ डेसिबल होते. दोन कनेक्टर-जोड्यांची १.५ आणि दोन सांध्यांची ०.६ डेसिबल मिळून एकूण ३.१ डेसिबल होतात. यांपैकी २.१ डेसिबल केवळ दोन टोकांच्या पॅनेलमुळे जातात. तेवढ्या घटीत त्याच हिशेबाने आणखी ४ किलोमीटर तंतू टाकता आला असता. १० किलोमीटर पल्ल्याच्या १० गिगाबिट इथरनेट प्रणालीस, म्हणजे १०जीबेस-एलआरला, मार्गात ६.२ डेसिबल घट चालते. त्यामुळे वरील जोडणी सहज चालेल आणि मध्ये आणखी एखादे पॅनेल आले तरी बिघडणार नाही.

डेटा केंद्रातील आखूड बहुपथी जोडणीत मात्र चित्र उलटे होते. ४० गिगाबिटच्या ४०जीबेस-एसआर४ या प्रणालीत ओएम३ तंतूवर १०० मीटर अंतरासाठी एकूण १.९ डेसिबल घटच मान्य आहे. कमाल मर्यादेच्या दोन कनेक्टर-जोड्या त्यांतील १.५ डेसिबल खाऊन टाकतात. तिसऱ्या पॅनेलसाठी जागा उरत नाही. ते हवेच असल्यास कमी क्षयाचे, महाग कनेक्टर घ्यावे लागतात. थोडक्यात अंतर जितके आखूड तितकी पॅनेलची चैन अधिक परवडते, हा समज वेग वाढल्यावर खोटा ठरतो.

स्वच्छता

तांब्याच्या जोडणीतील पितळी किंवा सोनेरी मुलामा दिलेले संपर्क एकमेकांवर घासून बसतात आणि थोडी धूळ सहज सोसतात. काचेच्या टोकांना ही मुभा नाही. ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यावर तेवढ्याच आकाराचा कण बसला तर प्रकाशाचा मार्ग जवळजवळ बंद होतो. माणसाचा केस याच्या कित्येक पट जाड असतो. कण गाभ्यावर नसून बाजूला असला, तरी तो दोन टोकांत फट निर्माण करतो. कनेक्टर दाबून बसविताना कण चिरडला जाऊन काचेला खड्डा पडला, तर नंतर कितीही पुसले तरी उपयोग होत नाही. शिवाय अस्वच्छ कॉर्ड स्वच्छ पोर्टात लावली की मळ पोर्टातील टोकावरही जातो, आणि तीच कॉर्ड तपासणीसाठी दहा पोर्टांत लावून पाहिल्यास दहाही पोर्ट दूषित होतात.

यामुळे कनेक्टर जोडण्यापूर्वी दर वेळी सूक्ष्मदर्शकाने टोक पाहावे, मळ असल्यास पुसावे आणि पुन्हा पाहावे, अशी पद्धत आहे. टोकाच्या तपासणीसाठी आयईसी ६१३००-३-३५ हे आंतरराष्ट्रीय मानक असून त्यात गाभा, आवरण व बाहेरील भाग यांवरील ओरखडे आणि डाग यांच्या मर्यादा ठरविल्या आहेत. पुसण्यासाठी तंतू न सुटणारे कापड, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा दाबून फिरणारा पेनासारखा स्वच्छक वापरतात. सदऱ्याच्या टोकाने पुसणे किंवा तोंडाने फुंकर घालणे यांमुळे तेल, धागे आणि ओलावा टोकावर जातो. रिकाम्या पोर्टावरील टोपी टोकाचे आघातापासून रक्षण करते. पण टोपीच्या आतही धूळ असू शकते, म्हणून नव्या कोऱ्या कॉर्डचे टोकही तपासावे लागते.

वळण आणि कॉर्डची मांडणी

प्रकाश गाभ्यात पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे कोंडलेला राहतो. तंतू फार वळला की काही किरण क्रांतिक कोनाची अट पाळत नाहीत व बाहेर पडतात. नेहमीच्या जी.६५२ प्रकारच्या तंतूसाठी ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण टाळतात. वळण सोसणाऱ्या जी.६५७ए१ तंतूसाठी ही त्रिज्या १० आणि जी.६५७ए२ साठी ७.५ मिलिमीटर आहे. वळणामुळे होणारी घट १३१० नॅनोमीटरपेक्षा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर जास्त दिसते. दोन्ही तरंगलांब्यांवर मोजणी करून फक्त १५५० वर मोठी घट आढळली, तर कुठेतरी कॉर्ड दाबली किंवा मुडपली गेली असावी, असा तर्क केला जातो.

पॅनेलच्या बाजूंना वक्र मार्गदर्शिका आणि दोन पॅनेलांच्या मध्ये आडव्या केबल-पट्ट्या असतात, त्या याच कारणासाठी. कॉर्ड प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळण्याऐवजी वेल्क्रोने सैल बांधतात. गरजेपेक्षा लांब कॉर्ड हे अव्यवस्थेचे सर्वांत सामान्य कारण आहे. एक मीटर पुरेल तेथे पाच मीटरची कॉर्ड लावली की उरलेली वेटोळी पुढच्या पोर्टांवर लोंबतात, आणि एक कॉर्ड काढताना शेजारच्या दोन ओढल्या जातात.

ध्रुवीयता

बहुतेक जोडण्यांत दोन तंतू लागतात, एक पाठविण्यासाठी व एक घेण्यासाठी. एका उपकरणाचा प्रेषक दुसऱ्याच्या ग्राहकापर्यंत पोहोचावा, यासाठी मार्गात जोडीची अदलाबदल विषम वेळा व्हावी लागते. प्रमाणित दुहेरी पॅच कॉर्ड स्वतःच एक अदलाबदल करते. दोन टोकांच्या दोन कॉर्डमध्ये ती दोनदा होते, म्हणून पॅनेलांमधील कायमच्या केबलमध्येही ती एकदा करून ठेवतात. ती राहून गेल्यास दोन्ही उपकरणांचे प्रेषक समोरासमोर येतात आणि जोडणी चालू होत नाही.

अशा वेळी एका कॉर्डच्या चिमट्यातील दोन एलसी कनेक्टर काढून उलटसुलट लावणे हा तंत्रज्ञाचा झटपट उपाय असतो. जोडणी लगेच सुरू होते; मात्र ती कॉर्ड आता इतर कॉर्डसारखी राहत नाही, हे कोणी लिहून ठेवत नाही. पुढे कधीतरी ती बदलली जाते आणि निर्दोष नवी कॉर्ड लावल्यावर जोडणी बंद का पडली, याचा शोध सुरू होतो. १२ तंतूंच्या एमपीओ केबलमध्ये हीच गुंतागुंत वाढत असल्याने तेथे ए, बी आणि सी अशा मान्य पद्धती आहेत. एका आवारात एकच पद्धत पाळण्याची शिफारस केली जाते.

नोंदी

पॅनेलवरील पोर्ट एकसारखे दिसतात आणि आतील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे कोणता पोर्ट कोठे जातो, याचे ज्ञान फक्त नोंदींत असते. प्रत्येक पॅनेल, पोर्ट आणि केबल यांस स्वतंत्र खूण देऊन ती दोन्ही टोकांस लावणे, आणि दुसऱ्या टोकाचे ठिकाणही त्याच लेबलवर लिहिणे ही सर्वसाधारण रीत आहे. अमेरिकी मानक टीआयए-६०६ याच विषयाचे आहे. प्रत्यक्षात पहिल्या दिवशीची नोंद चांगली असते व रात्रीच्या तातडीच्या दुरुस्त्यांनंतर ती हळूहळू खोटी होत जाते. खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा घातक ठरते, कारण तिच्यावर विसंबून भलतीच, चालू कॉर्ड उपसली जाते. रुग्णालय किंवा बँकेच्या जाळ्यात त्या एका कॉर्डवर संपूर्ण इमारतीचा संपर्क अवलंबून असू शकतो. म्हणूनच मोठ्या केंद्रांत कॉर्ड काढण्यापूर्वी तो पोर्ट निष्क्रिय असल्याची खात्री उपकरणाच्या बाजूने करून घेतली जाते.

चाचणी आणि सुरक्षितता

दोष शोधताना पॅनेल हे जाळ्यात शिरण्याचे स्वाभाविक ठिकाण असते. प्रकाशस्रोत व शक्तिमापक यांनी मार्गातील एकूण घट मोजली जाते. ती कोठे होते, हे ओटीडीआर या उपकरणाने कळते. ते तंतूत प्रकाशाचे स्पंद सोडून परत येणाऱ्या क्षीण प्रकाशाची वेळ मोजते. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४६८ असल्याने प्रकाश तंतूत सेकंदाला अंदाजे २ लाख ४ हजार किलोमीटर जातो. १ किलोमीटरवरील तुटीचा प्रतिध्वनी ९.८ मायक्रोसेकंदांनी परततो. उपकरणाला अगदी जवळचे काही मीटर नीट दिसत नाहीत. म्हणून पॅनेलचा पहिला पोर्ट तपासण्यासाठी मध्ये काही शे मीटर तंतूचे वेटोळे जोडावे लागते. लाल प्रकाश सोडणारी साधी विजेरी तंतू ओळखण्यास आणि जवळची तूट शोधण्यास पुरते.

जाळ्यात वापरला जाणारा १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश अवरक्त असून दिसत नाही, त्यामुळे डोळे आपोआप मिटत नाहीत. पोर्टात किंवा कॉर्डच्या टोकात डोकावून पाहणे यासाठीच वर्ज्य आहे. तंतू छेदताना उडणारे काचेचे तुकडे त्वचेत शिरल्यास सहज दिसत नाहीत. ते चिकटपट्टीवर किंवा बंद डबीत गोळा केले जातात.

भारतातील वापर

भारतात दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली स्थानिक प्रकाशीय तंतू प्रणाली १९७९ मध्ये पुणे येथे कार्यान्वित झाली. ग्रामपंचायतींना तंतूंनी जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. ती आता भारतनेट या नावाने ओळखली जाते, आणि महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने राबविले गेले. या प्रकारच्या जाळ्यांत एकाच तंतूवर १४९० नॅनोमीटरने संदेश ग्राहकाकडे जातो व १३१० नॅनोमीटरने परततो, त्यामुळे ध्रुवीयतेचा प्रश्न उद्भवत नाही. त्याऐवजी विभाजकाचा प्रश्न येतो. एक तंतू ३२ ग्राहकांत वाटणारा विभाजक एकटाच सुमारे १७ डेसिबल घट करतो, आणि जीपॉनच्या प्रचलित बी+ वर्गात एकूण २८ डेसिबलच उपलब्ध असतात. उरलेल्या ११ डेसिबलमध्ये तंतूची लांबी, वाटेतील सर्व सांधे आणि दोन्ही बाजूंची पॅनेल बसवावी लागतात.

मुंबई आणि नवी मुंबईतील डेटा केंद्रांत पॅनेलचा वेगळा उपयोग दिसतो. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालील अनेक आंतरराष्ट्रीय केबल उतरतात, त्यामुळे येथे अनेक सेवादात्यांची उपकरणे एकाच इमारतीत असतात. प्रत्येक सेवादात्याची केबल ‘मीट-मी रूम’ नावाच्या सामाईक खोलीतील पॅनेलवर संपते. दोन कंपन्यांना एकमेकींशी जोडणे म्हणजे या खोलीत एक पॅच कॉर्ड लावणे. काही मीटरच्या या कॉर्डसाठी डेटा केंद्रे सहसा मासिक शुल्क आकारतात आणि ती लावण्या-काढण्याचा अधिकार स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरता राखून ठेवतात.

स्वयंचलित पॅनेल

मोठ्या केंद्रांसाठी यांत्रिक हाताने कॉर्ड हलविणारी, तसेच सूक्ष्म आरशांनी प्रकाशाची दिशा बदलणारी पॅनेलही उपलब्ध आहेत. यांत जोडणी संगणकाच्या आज्ञेने होत असल्याने नोंद आपोआप अद्ययावत राहते. आरशांच्या रचनेला सतत वीज लागते, तर यांत्रिक हाताची रचना वीज गेल्यावरही आहे ती जोडणी कायम ठेवते. किंमत जास्त असल्याने बहुतेक कार्यालये, महाविद्यालये आणि दूरसंचार केंद्रे यांत हाताने जोडायचे पॅनेलच वापरात आहे.